मदत हवी आहे: सर्व्हर रीस्टार्ट झाला की सर्व्हिस १०६९ एरर देते, पासवर्ड बरोबर असूनही

नमस्कार मंडळी, फोंड्याला एका पतसंस्थेत सिस्टीमचं काम बघते. आमच्या विंडोज सर्व्हरवर (डोमेनला, म्हणजे सगळी मशीन्स आणि युजर एका जागेवरून सांभाळणाऱ्या नेटवर्कला, जोडलेला आहे) एक बॅकअप सर्व्हिस आहे, ती रात्री डेटा दुसऱ्या मशीनच्या शेअर फोल्डरमध्ये टाकते. आधी लोकल सिस्टीम या विंडोजच्या आतल्या अकाउंटवर चालायची पण तिला त्या फोल्डरची परमिशन मिळेना म्हणून वेगळा डोमेन युजर बनवला आणि सर्व्हिसेसमध्ये लॉग ऑन टॅबवर त्याचं नाव पासवर्ड घातला. युजरला 'लॉग ऑन अ‍ॅज अ सर्व्हिस' राइट (सर्व्हिस म्हणून लॉगऑन करायची परवानगी) दिला असा मेसेज आला, सर्व्हिस चालू पण झाली.

आता पावसात लाईट किती जाते ते गोव्यातल्यांना सांगायला नको. यूपीएस संपला की सर्व्हर बंद, आणि परत चालू केला की सर्व्हिस उठतच नाही, एरर १०६९, लॉगऑन फेल्युअर. तोच पासवर्ड परत टाईप केला की लगेच चालू!! कधीकधी तर रीस्टार्टनंतर काही न करता आपोआप चालू होते, त्यामुळे जास्तच गोंधळ.

अकाउंट लॉक नाही, पासवर्ड एक्स्पायर नाही, रनअ‍ॅजने (दुसऱ्या युजरच्या नावाने प्रोग्रॅम उघडायची कमांड) त्याच युजरवर नोटपॅड उघडतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींत) ७०४१ आणि ७००० या नंबरचे एरर दिसतात. व्हेंडर म्हणतो युजरला डोमेन अ‍ॅडमिन करा. ते मला अजिबात पटत नाही, सभासदांच्या ठेवींचा डेटा आहे, एका बॅकअपसाठी सगळ्या किल्ल्या कशाला द्यायच्या? चवथीला ऑफिस बंद असणार, त्याआधी हे सुटायला हवं. प्लीज कुणीतरी सांगा.

उत्तर:
ताई, अ‍ॅडमिन करू नका, 'लॉग ऑन अ‍ॅज अ सर्व्हिस' हा राइट अ‍ॅडमिनला पण आपोआप नसतो. पासवर्ड चुकला असता तर ७०३८ आला असता, ७०४१ म्हणजे युजरकडे सर्व्हिस म्हणून लॉगऑन करायचा राइटच नाही. तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा विंडोज तो राइट त्या मशीनवर देतं, पण डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत (डोमेनवरून सगळ्या मशीन्सना लागणाऱ्या सेटिंगच्या यादीत) तीच सेटिंग असेल तर पॉलिसी परत लागू झाली की तुमचा युजर यादीतून उडतो. पॉलिसीत काही बदल नसला तरी सिक्युरिटी सेटिंग दर १६ तासांनी परत लागू होते. चालू असलेली सर्व्हिस त्याने थांबत नाही म्हणून कळत नाही, लाईट गेली की मग कळतं. आणि पासवर्ड टाकल्यावर पॉलिसी परत लागू होण्याआधी रीस्टार्ट झाला तर चालू होणार, तुमचं 'कधीकधी' ते हेच.

लोकल सिक्युरिटी पॉलिसीत यूजर राइट्स असाइनमेंट उघडा, तिथे 'लॉग ऑन अ‍ॅज अ सर्व्हिस' मध्ये अ‍ॅडचं बटण फिकट असेल तर सेटिंग डोमेनवरूनच येतेय. मग ज्या ग्रुप पॉलिसीत ती आहे तिथेच तुमचा युजर घाला आणि सर्व्हरवर जीपीअपडेट फोर्स (पॉलिसी लगेच लागू करायची कमांड) मारा. आधीची नावं मात्र काढू नका, नाहीतर दुसऱ्या सर्व्हिस पडतील.