बूटच्या कोडची एकच प्रत का?

अनुस्वार (धागाकर्ता):
संगणक सुरू, म्हणजे बूट, होताना जो कोड सर्वांत आधी चालतो, तो बहुतेक मशिनांत मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो. डिस्क गेली तर नवी बसवता येते, ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली तर पुन्हा टाकता येते. हा कोड बिघडला तर काय चुकलं हे स्क्रीनवर सांगायलाही कोणी उरत नाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने नेमकं हेच केलं. बायोसच्या, म्हणजे याच पहिल्या कोडच्या, चिपमध्ये कचरा लिहिला आणि धडधाकट मशिनं बंद पडली. तरीही असंख्य मशिनांत या कोडची आजही एकच प्रत असते. माझं मत स्पष्ट आहे: दुसरी प्रत हवीच, तीही वेगळ्या चिपवर आणि लिहिण्यासाठी कुलूपबंद.

खटका:
असहमत. कुलूपबंद प्रत म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाची प्रत, त्या वेळच्या सगळ्या सुरक्षा-त्रुटींसकट. हल्लेखोर मुद्दाम पहिली प्रत बिघडवेल आणि मशीन आपणहून जुन्या कोडवर जाईल. शिवाय या चिपा सहसा लाखभर वेळा पुसता येतात आणि डेटा २० वर्षं टिकेल असं त्यांच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. चिप आपणहून क्वचितच मरते. घात होतो तो अपडेट चालू असताना. अपडेट सुधारा.

अनुस्वार:
अपडेटचा मुद्दा मान्य. पण कुलूपबंद प्रतीने पूर्ण मशीन चालवायचंच नाही. डिजिटल सही (कोड मूळ निर्मात्याचाच असल्याचा पुरावा) तपासून नवा कोड मुख्य चिपमध्ये लिहायचा, एवढंच तिचं काम. कोड जितका छोटा, तितक्या त्रुटी कमी. निस्ट या अमेरिकी मानक-संस्थेच्या २०१८ च्या ८००-१९३ या मार्गदर्शिकेत संरक्षण, बिघाड ओळखणं आणि पूर्ववत करणं अशा तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. तिसरी नसेल तर पहिल्या दोन असूनही मशीन बंदच.

सोल्डरगन:
दोघांनी चिपच्या आत काय होतं तेही बघा. फ्लॅशमध्ये पुसलं की सगळे बिट १ होतात, लिहिताना फक्त १ चा ० करता येतो. म्हणून एक बाइट बदलायची तरी बऱ्याचदा ४ केबीचा अख्खा सेक्टर आधी पुसावा लागतो. त्याच क्षणी वीज गेली तर सेक्टर अर्धवट पुसलेला राहतो. असे बिट आत्ता बरोबर वाचले जातील आणि तापमान बदललं की चूक दाखवतील. त्यामुळे ‘वाचून पाहिलं, जुळलं’ एवढ्यावर विसंबू नका. पुसणं पूर्ण झाल्याची नोंद नसेल तर तो सेक्टर पुन्हा पुसायचाच.

आता अपडेट. कोडसाठी दोन जागा ठेवा, अ आणि ब. चालू जागेला हात न लावता दुसरीत लिहा, तपासा आणि मगच ‘आता इथून सुरू कर’ ही खूण बदला. ती खूणसुद्धा एका जागी नको. दोन सेक्टर घ्या, प्रत्येकात चढता क्रमांक आणि सीआरसी (डेटा बिघडला का हे ओळखणारा पडताळणीचा आकडा) ठेवा आणि आलटून पालटून लिहा. बूट होताना सीआरसी जुळणारी, मोठ्या क्रमांकाची नोंद ग्राह्य धरायची. कधीही वीज गेली तरी आधीची नोंद शाबूत राहते. नवा कोड चालला नाही तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेलं मशीन पुन्हा सुरू करणारा टायमर, रीसेट करेल, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर मशीन जुन्या जागेवर परत जाईल. अँड्रॉइड ७ पासून फोनमध्येही दोन जागांची अशी सोय आहे.

एक लक्षात ठेवा, सीआरसी अपघात पकडतं. मुद्दाम केलेला बदल पकडायला सहीच लागते.

खटका:
+१. आणि हे एकाच चिपमध्ये होतं. मग वेगळी चिप कशाला?

मेघना_स:
सगळे कोडबद्दल बोलताय. त्याच चिपमध्ये यूईएफआयची (बायोसची जागा घेतलेल्या नव्या फर्मवेअरची, म्हणजे चिपमधल्या बूट-कोडची) व्हेरिएबल्स, म्हणजे सेटिंग्जही असतात, आणि कोडपेक्षा ती कितीतरी जास्त वेळा लिहिली जातात. २०१६ मध्ये लिनक्सवर सगळ्या फाइली पुसताना ही व्हेरिएबल्सही पुसली गेली आणि काही लॅपटॉप पुन्हा सुरूच झाले नाहीत. कोड शाबूत होता! सेटिंग्ज गायब असतील तर मूळ सेटिंग्जवर सुरू व्हायचं, हे त्या फर्मवेअरला जमलं नाही. नंतर लिनक्स कर्नलने बहुतेक व्हेरिएबल्स सहज पुसता येऊ नयेत अशी सोय केली, पण ते बाहेरून लावलेलं कुलूप आहे. सेटिंग्ज वाचताना कोलमडणारा कोड असेल, तर त्याच्या दहा प्रतीही दहा वेळा कोलमडतील. विश्वासार्हतेची सुरुवात इथून करा.

अनुस्वार:
हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. कुलूपबंद प्रतीने सेटिंग्ज वाचूच नयेत, ही अट मी जोडतो. खटका, वेगळी चिप अशासाठी की एका चिपची पिन किंवा सोल्डर निकामी झालं तर अ आणि ब दोन्ही एकदम जातात.

खटका:
छोटी कुलूपबंद प्रत आता मान्य. पण वर्षानुवर्षं कोणी न वाचलेली दुसरी चिप म्हणजे हवा न तपासलेली स्टेपनी.

सोल्डरगन:
मग दर बूटला तिचं सीआरसी तपासा. काहीशे केबी वाचायला सेकंदाचा अंशच लागतो.

खटका:
आणि जुळलं नाही तर? मुख्य प्रत ठणठणीत आहे, मशीन सुरू होतंय, अशा वेळी सुटी चिप खराब असल्याचं वापरणाऱ्याला कोण सांगणार? ही सूचना ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचवण्याची सोय त्या बोर्डावर असेल, तर वेगळ्या चिपला माझा विरोध नाही.