मदत हवी आहे: पालिकेच्या खात्यांना एकत्र बसवायचं कसं?

मंडळी, शहराच्या पर्यावरण आराखड्यावर नागरिकांच्या बाजूने काम करणाऱ्या एका गटात मी आहे. आराखडा कागदावर झकास आहे, घोडं अडतं ते खात्यांपाशी. उद्यान विभाग झाड लावतो, रस्ते विभाग बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो, आणि मग मलनिस्सारणवाले त्याच मुळांतून पाइप टाकायला खणतात. प्रत्येकाकडे आपापली मंजुरी असते, म्हणजे चूक कुणाचीच नाही! पर्यावरण कक्ष पत्रं पाठवत राहतो, पण तिजोरीच्या चाव्या त्याच्याकडे नाहीत.

नॉर्वेच्या राजधानीने, ऑस्लोने, २०१७पासून हवामान अंदाजपत्रक सुरू केलं. उत्सर्जन कमी करण्याचं कोणतं काम कोणत्या खात्याचं, हे शहराच्या वार्षिक अंदाजपत्रकातच मांडलेलं असतं. मला हे पटतं, कारण पैशाचा विषय आला की कुणी फाइल दाबून ठेवत नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९मध्ये सुरू झालेल्या लोकसहभागाच्या अंदाजपत्रकाबद्दलही (म्हणजे काही खर्च कशावर करायचा हे नागरिकच ठरवतात) वाचून झालंय.

खोदकामाआधी सगळ्या खात्यांची एकत्रित मंजुरी घेण्याची पद्धत कुणी जवळून पाहिली आहे का? अंतिम सही कोणाची असते? आणि नागरिकांची सूचना ‘संबंधित विभागाकडे पाठवली’ या शेऱ्यापुढे सरकावी म्हणून तुम्ही काय केलंत? एकत्रित मंजुरीच्या आदेशाचा नमुना कुणाकडे असेल तर फारच उत्तम.