पहिल्या मिक्सरच्या जागी एसए६१२ नको

डायोडप्रेमी:
४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या हौशी बँडच्या) घरगुती सुपरहेट रिसीव्हरचे आराखडे काढून बघा, अँटेनाच्या फिल्टरनंतर पहिला मिक्सर (सिग्नल ऑसिलेटरशी मिसळणारा टप्पा) म्हणून बहुतेकदा एसए६१२ ही चिपच बसलेली दिसते. बीएफओपाशी (शेवटी ऐकू येणारा आवाज काढणाऱ्या ऑसिलेटरपाशी) ती उत्तम. अँटेनाकडच्या बाजूला मात्र नको.

हिशेब असा. तिचा इनपुट आयपी३ (जोरदार सिग्नल सहन करण्याचं माप, जास्त तितकं चांगलं) साधारण -१५ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). ७.२ मेगाहर्ट्झच्या वर प्रक्षेपण केंद्रं. समजा ७.२१० आणि ७.३०० वरची दोन केंद्रं संध्याकाळी -३५ डीबीएमने आत आली. बँडपास फिल्टर इतक्या जवळचं काही अडवत नाही. तिसऱ्या क्रमाचं मिश्रण (२ × ७.२१० - ७.३००) पडतं ७.१२० वर, पातळी ३ × (-३५) - २ × (-१५) = -७५ डीबीएम. एस९ (सिग्नल-मीटरवरची जोरदार पातळी) म्हणजे -७३. थोडक्यात, जिथे कुणीच बोलत नाही तिथे जवळपास एस९ चं भूत!

एडीई-१ हा तयार डायोड मिक्सर किंवा घरी गुंडाळलेली चार डायोडची रिंग घेतली तर आयपी३ +१५ च्या आसपास असतो. तोच हिशेब -१३५ वर येतो आणि गोंगाटात बुडतो.

कमी_करंट:
गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. चिपच्या आधी १० डीबीचा पॅड (सिग्नल उतरवणारे रेझिस्टर) टाका. कामाचा सिग्नल १० ने उतरेल, भूत ३० ने. वस्तीत ७ मेगाहर्ट्झवर बाहेरचाच गोंगाट इतका असतो की चिपच्या ५ डीबी नॉइज फिगरला (तिच्या स्वतःच्या गोंगाटाच्या मापाला) पॅडचे १० जोडले तरी ऐकण्यात फरक पडत नाही.

आणि रिंगचं पूर्ण बिल मांडा की. ऑसिलेटरकडून +७ डीबीएम ड्राइव्ह, ६ डीबीच्या आसपास तोटा, मग डिप्लेक्सर (नको त्या फ्रिक्वेन्सी रेझिस्टरमध्ये जिरवणारं जाळं), मग तो तोटा भरून काढायला २एन५१०९ ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर, जो एकटाच ३०-४० मिलिअँप खातो. एसए६१२ २.४ मिलिअँपमध्ये वर १७ डीबी गेन देते. बॅटरीवरच्या छोट्या रिसीव्हरला रिंग म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर जड.

डायोडप्रेमी:
पॅडचं ७ मेगाहर्ट्झपुरतं मान्य. १० मीटरवर बाहेरचा गोंगाट बराच कमी असतो, तिथे तोच पॅड कमजोर स्टेशनं खातो.

ड्राइव्हचं म्हणाल तर एसआय५३५१ या ऑसिलेटर चिपचं आउटपुट ८ मिलिअँप सेटिंगला ५० ओहमवर +१० च्या आसपास जातं. मध्ये ३ डीबीचा पाय-पॅड (३००-१८-३०० ओहम) लावला की झालं, बफर लागतच नाही.

डिप्लेक्सर मात्र टाळू नका. आयएफ पोर्टला (मिक्सरमधून मधली फ्रिक्वेन्सी निघते तिथे) सगळ्या फ्रिक्वेन्सींवर ५० ओहम दिसले नाहीत तर आयपी३ घसरतो, आणि मग रिंग घेऊन काय मिळवलं? क्रिस्टल फिल्टर थेट जोडणं ही नेहमीची चूक. पासबँडच्या बाहेर तो ५० ओहम नसतोच. ९ मेगाहर्ट्झ आयएफसाठी ०.८८ मायक्रोहेन्री आणि ३५० पिकोफॅरडच्या दोन जोड्या घ्या. एक जोडी सिरीजमध्ये, सिग्नलच्या वाटेत. दुसरी पॅरलल, ५० ओहमच्या रेझिस्टरबरोबर ग्राउंडकडे. टी३७-६ कोरवर १७ वेढे, मग मोजून वेढे दाबा-पसरा.

वेढेमोजणी:
रिंगला १एन४१४८ डायोड चालतात का?

डायोडप्रेमी:
एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झ) चालतात. १ मिलिअँपवर फॉरवर्ड व्होल्टेज मोजून ५ मिलिव्होल्टच्या आतले चार निवडा. चिमट्याने धरा, बोटाच्या उबेने दर अंशाला २ मिलिव्होल्ट सरकतात आणि निवड वाया जाते. ट्रान्सफॉर्मर एफटी३७-४३ कोरवर, तीन तारा एकत्र पिळून १० वेढे. तारांचे रंग वेगळे ठेवा. एक टोक उलटं लागलं की बॅलन्स जातो आणि ऑसिलेटर थेट अँटेनाकडे गळतो.

स्विचवाला:
दोघंही जुन्या भांडणात अडकलात. एफएसटी३१२५ ही चार इलेक्ट्रॉनिक स्विचांची चिप बघा. स्विच असल्यामुळे आयपी३ +३० च्या घरात नेता येतो, आणि ड्राइव्ह लॉजिक पातळीचा. दोन अटी. सिग्नलच्या पिनांना २.५ व्होल्टचा बायस (स्थिर व्होल्टेज) द्या, नाहीतर सिग्नलचा ऋण भाग चिपमधल्या डायोडांत कापला जातो. आणि ड्युटी (पल्स चालू राहण्याचं प्रमाण) अचूक ५० टक्के हवी: ऑसिलेटर दुप्पट फ्रिक्वेन्सीवर चालवून ७४एसी७४ फ्लिप-फ्लॉपने दोनाने भागा. त्याची दोन उलट आउटपुट्स स्विचांच्या दोन जोड्यांना थेट जातात.

कमी_करंट:
म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी ३२ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (७ अधिक आयएफचे ९, त्याची दुप्पट) आणि तीक्ष्ण कडांचे लॉजिक पल्स रिसीव्हरच्या डब्यात. शिल्डिंग कोण करणार? पहिल्या प्रयत्नात हा उपद्व्याप नको.

एसए६१२ बदनाम होते ती बऱ्याचदा चुकीच्या जोडणीमुळे. ऑसिलेटरच्या पिन ६ ला २०० ते ३०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक पुरतात. लोक एसआय५३५१ चे ३.३ व्होल्ट तसेच देतात आणि मग बर्डीज (रिसीव्हरमध्येच तयार होणाऱ्या खोट्या शिट्ट्या) मोजत बसतात. १ के सिरीजमध्ये, ८२ ओहम ग्राउंडला, मग १ नॅनोफॅरडमधून पिनवर. सप्लाय ६ व्होल्ट. ८ च्या वर जाऊ नका. इनपुट आणि आउटपुट दोन्ही १५०० ओहमचे आहेत, त्यामुळे २००-३०० ओहमच्या क्रिस्टल फिल्टरला सरळ जोडलंत तर पासबँडमध्ये डोंगरदऱ्या येणारच.

स्विचवाला:
शिल्डिंगचा मुद्दा रास्त. पण म्हणून कुणी ७४एचसी४०६६ या दुसऱ्या स्विच चिपकडे वळू नये. त्याचा ऑन-रेझिस्टन्स दहापटीने जास्त, शिवाय तो सिग्नलच्या व्होल्टेजबरोबर बदलतो. ज्या आयपी३ साठी स्विच घेतला, तोच तिथे हरवतो.