विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या उपक्रमांमुळे नोकरी मिळणे खरेच सोपे होते का?

धागाकर्ता – वाळूजकर

वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नवपदवीधर अभियंत्यांच्या मुलाखती घेतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून मुले-मुली येतात, गुण थोड्याफार फरकाने सारखेच असतात आणि प्रत्येकाच्या फाईलमध्ये प्रमाणपत्रांची चळत असते. ती चळत आम्ही उघडतही नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. माझे मत असे, की मुलाखतीत उमेदवाराच्या कामी येतो तो विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेला उपक्रम. म्हणजे पैसे कोठून उभे करायचे, काम कोणाकडे सोपवायचे आणि बिघडले तर निस्तरायचे कोणी, हे ज्यात प्राध्यापकांनी नव्हे तर मुलांनीच ठरवलेले असते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे २००७ पासून ‘बाजा’ ही स्पर्धा होते. खडबडीत वाटेवर धावणारी एका माणसाची गाडी मुलांनीच आखायची, बांधायची आणि चार तासांच्या शर्यतीत टिकवायची. लोकांना दिसते ती शर्यत. परंतु गाडीच्या खर्चाचा अहवालही परीक्षकांपुढे मांडावा लागतो, आणि आमच्या उपयोगाचा भाग तोच. एका उमेदवाराला मी विचारले, की सांगाड्यासाठी हीच नळी का निवडली? त्याने आधी नियमातली अट सांगितली, मग तीन दुकानांची कोटेशने सांगितली, स्वस्तातली नळी वाकवताना कशी चेपली ते सांगितले आणि ती बदलण्यासाठी टायरांचा खर्च कोठून कमी केला तेही सांगितले. गाडी शर्यतीत अर्ध्यावर बंद पडली होती, पण त्याने आमचे काहीच अडले नाही. युवक महोत्सवातल्या एकांकिकेचा सगळा व्यवहार सांभाळलेल्या कला शाखेच्या मुलालाही मी हेच प्रश्न विचारीन.

प्रतिसाद – एक प्राध्यापक, अंबाजोगाई

आपल्या निरीक्षणाबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. जो मुलगा मुळातच धडपड्या आहे तोच अशा गटाचा पुढारी होतो आणि त्यालाच पुढे नोकरी मिळते. मग नोकरी उपक्रमाने मिळवून दिली की त्याच्या स्वभावाने, हे आपण कसे ठरवणार? शिवाय ‘मुलांनी चालवलेले’ हा शब्दप्रयोग कागदावर शोभतो. लेखापरीक्षणात व्हाउचर सापडले नाही तर खुलासा प्राध्यापकालाच द्यावा लागतो.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, असा तिचा शिस्तबद्ध आराखडा आहे. तो मुलांनी आखलेला नाही. तरीही शिबिरातला स्वयंपाक, पाणी आणि गावकऱ्यांची मर्जी सांभाळताना बुजऱ्या मुलीही बोलत्या झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि माझ्या मते ज्यांना खरी गरज आहे त्या मुलांना मार्गदर्शनाखालचे कामच अधिक उपयोगी पडते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अशा उपक्रमांना श्रेयांक मिळू लागल्यापासून मात्र मुलांचे लक्ष कामापेक्षा हजेरीपटाकडे अधिक असते, हेही मान्य केले पाहिजे.

प्रतिसाद – स्पर्धा परीक्षार्थी, लातूर

आमच्याकडे निम्मी मुले भरतीच्या तयारीत असतात. लेखी परीक्षेत एकांकिकेला गुण नाहीत. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे आणि एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रावर सैन्यात अधिकारी होण्याची वेगळी वाट आहे. बाकी सर्व हौस. वेळ अभ्यासाला द्यावा.

प्रतिसाद – तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, बीड जिल्हा

वाळूजकर सर, आपण ज्यांच्या मुलाखती घेता त्यांची संध्याकाळ मोकळी असते, हे गृहीत धरूनच आपण लिहिले आहे. आमच्या गावाची शेवटची एसटी साडेपाचला सुटते आणि महाविद्यालयातल्या गटांच्या बैठका पाचला सुरू होतात. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर धाकटी भावंडे आणि म्हैस माझ्याकडे असते. वर्गणी काढून गाडी बांधणाऱ्या गटात मी कोठे बसणार? प्राध्यापक महोदयांना मला बुजरी म्हणता येईल, परंतु वडिलांच्या टोळीचा हिशेब मीच ठेवते. मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती, कोणत्या फेरीत किती टन गेले, कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचलीतून किती वळते झाले आणि किती अंगावर राहिले, हे मला तोंडपाठ आहे. मुकादमाचा आकडा आणि माझा आकडा जुळला नाही तर फोनवर भांडतेही मीच. याला महाविद्यालय उपक्रम म्हणत नाही, त्यामुळे अर्जात तो रकानाच नसतो.

प्रतिसाद – कृषी पदवीधर, परभणी

परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेताना आम्ही शेवटच्या वर्षी ‘कृषिदूत’ म्हणून गावात राहिलो. काम सक्तीचे होते, पण गावात गेल्यावर प्राध्यापक जवळ नसतात. पेरणीच्या तोंडावर आम्ही घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासून दाखवली. सत्तरच्या खाली आली तर बियाणे एकरी जास्त लागणार, हे एका ज्येष्ठ शेतकऱ्याला पटवून देण्यात आमचा जीव मेटाकुटीला आला. बियाणे कंपनीच्या मुलाखतीत मला नेमके तेच विचारले गेले, की शेतकरी ऐकत नव्हता तेव्हा काय केले. म्हणून उपक्रम सक्तीचा की स्वेच्छेचा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. अडचण आली तेव्हा हाताशी कोणी मोठे माणूस होते की नव्हते, एवढेच पाहावे.

प्रतिसाद – वाळूजकर (धागाकर्ता)

प्राध्यापक महोदय, धडपड्या मुलालाच नोकरी मिळते हे खरे धरले, तरी धडपड कोणात आहे हे मला अर्ध्या तासात कळणार कसे? गुणपत्रिकेवर ते छापलेले नसते.

ताई, उचल आणि वळत्याचा हिशेब मांडणाऱ्या उमेदवाराला मी खरेदी विभागात आनंदाने घेईन. व्हेंडरचे बिल आणि आपली नोंद जुळवणे हेच तिथले काम आहे. मुलाखतीत हे बेधडक सांगावे.

प्रतिसाद – तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, बीड जिल्हा

मुलाखतीपर्यंत पोहोचले तर सांगेन, सर. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात आलेल्या कंपनीने दहावीपासून सलग ६० टक्क्यांची अट घातली होती, आणि अर्जात ‘महाविद्यालयीन उपक्रमातील पद’ असा रकाना होता. तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नव्हता.

प्रतिसाद – वाळूजकर (धागाकर्ता)

आमचा अर्ज पुण्याच्या मुख्य कार्यालयातून येतो. ‘महाविद्यालयीन’ हा शब्द काढून ‘स्वतः जबाबदारी घेऊन केलेले कोणतेही काम’ असा रकाना ठेवावा, असे मी या आठवड्यात लेखी कळवतो. ६० टक्क्यांची अट मात्र माझ्या हातात नाही.