शक्तीपेक्षा माणूस दिसेल असा सुपरहिरोपट सुचवा

प्रश्न:
काल बाबांना झोपवल्यावर 'लोगन' (२०१७) पाहिला. बाबांना तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे, म्हणूनही असेल, पण मारामारी बाजूलाच राहिली. ह्यू जॅकमनचा लोगन इथे लिमोझिन चालवून पोट भरतो. त्याच्या हातांतून निघणाऱ्या धातूच्या नख्यांपैकी एक पूर्ण बाहेर येत नाही, ती हाताने ओढावी लागते. आणि दुसऱ्यांची मनं वाचणारे त्याचे गुरू, ज्यांच्या मेंदूला जग घाबरायचं, त्या म्हाताऱ्या झेव्हियरना तो उचलून पलंगावर नेतो. तिथे मी थांबवलाच. मी बाबांना असंच उचलतो, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. वजन कमी झालंय हे तेव्हाच कळतं. असा दुसरा कुठला?

प्रतिसाद १:
दादा, आधी बाबांना नमस्कार सांगा. बासिल जोसेफचा मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) बघा. वीज पडून शक्ती मिळते एका शिंप्याला आणि चहाच्या दुकानात राबणाऱ्या शिबूला. गुरू सोमसुंदरमने शिबू असा केलाय की त्याला खलनायक म्हणायला जीभ रेटत नाही. जिच्यावर प्रेम आहे त्या उषाची वाट बघण्यात त्याचं आयुष्य गेलेलं असतं.

प्रतिसाद २:
'स्पायडर-मॅन २' (२००४). ट्रेन थांबवून पीटर, म्हणजे स्पायडर-मॅनच, कोसळतो, मुखवटा नसतो आणि प्रवासी त्याला हातोहात आत घेतात. लेकरूच वाटतं हो ते!

मूळ प्रश्नकर्ता:
ताई, नमस्कार सांगितला, बाबा हसले. आज साडेनऊचं औषध दिलं की 'मिन्नल मुरली' लावतो.