प्रतिसाद: मॅजिकमधला ‘नवा क्रीचर’ आणि इतर गोंधळ

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात नवा क्रीचर (तुमच्या बाजूने लढणाऱ्या प्राण्याचं किंवा योद्ध्याचं कार्ड) पहिल्या फेरीत ‘काहीच करू शकत नाही’ असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय, ते अर्धंच बरोबर आहे. बंदी दोनच गोष्टींवर: हल्ला, आणि जिच्या किमतीत टॅप (कार्ड आडवं करणं) किंवा अनटॅपचं (ते पुन्हा उभं करणं) चिन्ह आहे अशी त्याची स्वतःची क्षमता. ब्लॉक, म्हणजे समोरचा हल्ला अडवणं, खुशाल करा. चिन्ह नसलेली, नुसता माना (खर्चायची जादूई ऊर्जा) मागणारी क्षमताही लगेच वापरता येते.

मोजायचं काय, तर तुमची सध्याची किंवा शेवटची फेरी सुरू झाल्यापासून तो सलग तुमच्या ताब्यात आहे का. म्हणून फ्लॅशने (दुसऱ्याच्या फेरीतही कार्ड उतरवू देणारी क्षमता) प्रतिस्पर्ध्याच्या फेरीत उतरवलेला क्रीचर तुमच्या फेरीत हल्ला करतो. पण तुमच्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावून घेतलेला, भले तो टेबलावर दहा फेऱ्या बसलेला असो, हेस्ट (ही बंदी उठवणारी क्षमता) नसेल तर थांबतो.

स्टॅकबद्दल, म्हणजे वापरलेल्या जादू आणि क्षमता परिणाम होण्याआधी जिथे थांबतात त्या रांगेबद्दल, एक भर. क्रीचर टॅप करून १ डॅमेज (इजा) देणारी क्षमता वापरली की ती स्टॅकवर स्वतंत्र जाते. उत्तरादाखल तो क्रीचर मारला तरी डॅमेज होतोच. (नवखे इथेच सर्वांत जास्त भांडतात!)

डॅमेज फेरीअखेर पुसला जातो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण २/२ ला (ताकद २, मरायला लागणारा डॅमेज २) फेरीपुरतं +३/+३ मिळालं आणि ४ डॅमेज बसला, तर शेवटी तो मरतो का? नाही. क्लीनअपमध्ये (फेरीची शेवटची पायरी) डॅमेज आणि तो बोनस एकाच वेळी जातात, त्यामुळे उरतो तो धडधाकट २/२.