तलंगा संध्याकाळी खुराड्यात न जाता झाडावर बसतात; सवय कशी लावावी?

जांबोटीकडची:

नमस्कार. आमचे घर खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ, रानाच्या कडेला आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस आणलेली स्वर्णधारा आणि गावठी अशी मिसळीची पिल्ले आम्ही पडवीत बल्बच्या उबेवर वाढवली आणि आता त्यांच्या भरल्या अंगाच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, झाल्या आहेत. दिवसभर त्या परड्यात चरतात, हाक मारली की धावत येतात आणि दाणेही खुराड्याच्या तोंडाशीच खातात. परंतु दिवेलागण झाली की एकेक करून फणसाच्या फांद्यांवर, नाहीतर गोठ्याच्या वाशांवर चढतात आणि तिथेच रात्र काढतात. काठी घेऊन हाकायला गेले की चारी दिशांना पांगतात आणि मग अंधार पडेपर्यंत कोणीच हाती लागत नाही.

खुराडे मजबूत आहे. जांभ्या दगडाचे जोते, वर मंगळुरी कौले, कमरेएवढी उंची, दाराला कडी आणि आत बसण्यासाठी एक आडवा बांबू अशी त्याची रचना आहे. मिरगाचा पाऊस तोंडावर आला आहे आणि आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की आठवडा आठवडा उघडत नाही. शिवाय भीमगडचे रान लांब नसल्यामुळे रानमांजर आणि उदमांजर रात्री वाडीत सहज फिरतात. बिबट्याचीही चाहूल अधूनमधून लागते. पाऊस सुरू होण्यापूर्वी या तलंगांना खुराड्याची सवय लागावी अशी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निपाणीचा शेतकरी:

ताई, तुमच्या तलंगा त्यांच्या रक्ताला धरूनच वागत आहेत. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. तुमच्या रानात आढळतो तो राखी रानकोंबडा. पण रात्री झाडावर चढून बसण्याची रीत दोघांचीही एकच आहे. कोंबडीची दृष्टी दिवसा तीक्ष्ण असली तरी अंधारात तिला फारसे दिसत नाही, म्हणून उजेड आहे तोवरच ती उंच आणि पक्की जागा धरते आणि एकदा धरलेली जागा सहसा सोडत नाही. कोंबडीखाली उबवलेली पिल्ले आईच्या मागोमाग खुराड्यात जातात आणि ती जिथे बसते तिथेच बसायला शिकतात. बल्बखाली वाढलेल्या पिल्लांना ही वाट दाखवणारे कोणीच नसते, त्यामुळे ती स्वतःला सुचेल ती जागा निवडतात.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे सर्व तलंगांना आठवडाभर, जमल्यास दहा दिवस, खुराड्यातच ठेवावे. दाणापाणी आतच द्यावे. उन्हाची तलखी असेल तर खुराड्याला लागून जाळीचा तात्पुरता आडोसा करून द्यावा, म्हणजे दिवसा त्या तिथे वावरतील आणि संध्याकाळी त्यांना परतण्यासाठी एकच जागा उरेल. या मुदतीनंतर सुरुवातीला सूर्य मावळण्याच्या तासभर आधीच मोकळे सोडावे आणि तेही उपाशीपोटी. संध्याकाळचे दाणे खुराड्याच्या तोंडाशी न टाकता आत, अगदी मागच्या भिंतीजवळ टाकावेत; दारात दाणे मिळाले तर त्या खाऊन परत फिरणारच. दुपारचे दाणे कमी करून संध्याकाळी मका किंवा ज्वारी भरपूर द्यावी. गळ्याची पिशवी भरलेली कोंबडी रात्रभर स्वस्थ बसते. पुढे मोकळे सोडण्याची वेळ हळूहळू वाढवत न्यावी.

काठीने हाकणे मात्र पूर्णपणे बंद करावे. ज्या दिशेने आपण त्यांना घाबरवतो, त्या दिशेला असलेले खुराडेही त्यांना भीतीचेच वाटू लागते.

बेळगाव तालुका:

वरील सल्ल्याला एक जोड द्यावीशी वाटते. कौलारू खुराड्याला लहान दार असेल तर बाहेर अजून उजेड असतानाच आत काळोख होतो आणि काळोख्या जागेत पाऊल टाकायला कोंबडी तयार होत नाही. त्यासाठी आत एक मंद दिवा लावावा, तो दारातून दिसावा आणि सर्वजणी बांबूवर चढल्याची खात्री झाल्यावरच मालवावा. तो एकदम मालवला गेला तर ज्या खाली राहतील त्यांना बांबू दिसणार नाही आणि त्या रात्रभर जमिनीवर चेंगरून बसतील. आपल्याकडे जूनच्या अखेरीस सूर्य सातनंतर मावळतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास, त्यामुळे टायमर लावणार असाल तर तो ऋतूप्रमाणे बदलत राहावा लागेल.

निपाणीचा शेतकरी:

दिव्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. खानापूरच्या पावसात दिव्यावर किडे जमतात, किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. शहरालगत हे चालून जाईल, रानाच्या कडेला मी तरी दिवा ठेवणार नाही. त्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीत, छताजवळ, वीतभर उंचीची खिडकी काढून तिला बारीक छिद्रांची, जाड तारेची जाळी ठोकावी. मावळतीचा उजेड आत पोहोचतो आणि हवाही खेळती राहते. हवेचा मुद्दा उजेडापेक्षाही मोठा आहे. बंद खुराड्यात विष्ठेचा उग्र वास कोंडला तर कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि मग फणसाची फांदी त्यांना अधिक बरी वाटते, यात त्यांची काही चूक नाही.

चिकोडीहून:

ताई, उपाय सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी कळल्या तर नेमके सांगता येईल. या खुराड्यात आधीपासूनच्या मोठ्या कोंबड्या राहतात का? आणि रात्री बॅटरी घेऊन तुम्ही बांबूची खालची बाजू व भिंतीतल्या फटी कधी पाहिल्या आहेत का?

जांबोटीकडची:

होय, जुन्या गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा तिथेच राहतात. त्या दिवस मावळायच्या आधीच आत जातात आणि दाराकडच्या टोकाला ओळीने बसतात. तलंगांपैकी दोन-तीन जणी दारापर्यंत जाऊन माघारी फिरताना मी अनेकदा पाहिल्या आहेत, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. फटी आजच रात्री पाहिल्या. बांबूच्या टोकाशी, जिथे तो भिंतीत बसवला आहे तिथे, राखेसारखी भुकटी आणि बारीक तांबडे किडे दिसले.

चिकोडीहून:

मग दोन्ही कारणे तुमच्या खुराड्यातच आहेत आणि ती दूर केल्याशिवाय तलंगांना दहा दिवस आत कोंडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी किड्यांचे पाहू. हे तांबडे माईट दिवसा फटींत लपतात आणि रात्री बाहेर येऊन बसलेल्या कोंबडीचे रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही, म्हणून ते मालकाच्या लक्षात येत नाहीत. पण कोंबडीला ते बरोबर ठाऊक असतात. कीड वाढली तर तुरे फिके पडतात, अंडी घटतात आणि अंगात रक्त कमी झालेल्या कोंबड्या दगावूही शकतात. अशा जागी तलंगांना कोंडणे म्हणजे त्यांना त्या किड्यांच्या हवाली करणे होय. खुराडे पूर्ण रिकामे करून सगळा भुसा जाळावा. बांबू काढून टाकावा, कारण त्याच्या पोकळीत आणि पेरांत कीड कायमची घर करते. त्या जागी रंधा मारलेली, कडा गोल केलेली, सुमारे दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी बसवावी आणि ती भिंतीत न गाडता खुंट्यांवर टेकवावी, म्हणजे आठवड्याला उचलून धुता येईल. भिंतींच्या फटी बुजवून वरून चुन्याचा दाट हात द्यावा. कीटकनाशक मारायचे असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून कोंबड्यांसाठी चालणारेच घ्यावे. पिकावर मारायचे औषध खुराड्यात कदापि मारू नये. माईटची अंडी औषधातून वाचतात आणि उबेच्या दिवसांत त्यांची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, म्हणून आठवड्याने पुन्हा तेच सर्व करावे लागते. परड्यात कोरडी राख आणि मातीचा खड्डा छपराखाली करून दिला तर कोंबड्या त्यात लोळून स्वतःचे अंग साफ ठेवतात. पावसात तर त्याची गरज अधिकच असते.

आता जुन्या कोंबड्यांचे. कोंबड्यांमध्ये मान ठरलेला असतो आणि तो सर्वांत कडक संध्याकाळी, बसण्याच्या जागेवरून पाळला जातो. एकच बांबू, त्यावर दाराकडच्या टोकाला मोठ्या कोंबड्या, म्हणजे आत शिरणाऱ्या प्रत्येक तलंगेला त्यांच्या चोचीखालून जावे लागते. माघारी फिरणाऱ्या दोन-तीन जणींनी तुम्हाला तेच दाखवले आहे. त्यासाठी पट्ट्या दोन कराव्यात आणि त्या एकाच उंचीवर ठेवाव्यात. एक वर आणि एक खाली ठेवली तर वरच्या पट्टीसाठी रोज भांडण होईल आणि खालच्यांच्या अंगावर विष्ठाही पडेल. प्रत्येकीला वीतभर जागा मिळेल इतकी एकूण लांबी असावी. उंची गुडघ्याएवढी पुरे. स्वर्णधारा अंगाने जड असते, उंचावरून रोज उडी मारली तर पायाच्या तळव्याला सूज येऊन गाठ धरते. मात्र अंडी घालण्याची खोकी या पट्ट्यांपेक्षा खालीच ठेवावीत, नाहीतर त्या खोक्यांतच झोपू लागतील आणि पुढे अंडी घाण होतील. शक्य असल्यास समोरच्या भिंतीत दुसरे दार काढावे.

एवढे झाले की रात्री, पूर्ण अंधार पडल्यावर, झाडावरच्या तलंगा उचलाव्यात. अंधारात त्या निमूट हाती येतात. उजेड त्यांच्या डोळ्यांवर न टाकता दोन्ही पंख अंगाशी धरून उचलावे आणि थेट पट्टीवर ठेवावे, जमिनीवर नव्हे. त्या सकाळी जुन्यांच्या शेजारीच जाग्या होतात आणि भांडण पुष्कळ कमी होते. त्यानंतर निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आठवडाभर जाळीच्या आडोशासह आत ठेवावे आणि जुन्या कोंबड्यांना त्या काळात दिवसा बाहेर सोडावे, म्हणजे तलंगांना खुराडे निवांतपणे आपलेसे करता येईल.

हुक्केरी भाग:

पंख कापण्याचा सल्ला अजून कोणी दिलेला नाही, परंतु गावात कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. एका बाजूच्या पंखाची लांब पिसे कापली तर तलंग झाडावर चढू शकत नाही, हे खरे आहे. पण जोपर्यंत ती खुराड्यात जायला शिकलेली नाही तोपर्यंत कापल्यास ती रात्री जमिनीवर सापडते आणि रानमांजराला आयती मिळते. शिवाय त्या वयात नवी पिसे फुटत असतात, त्यांच्या नळीत रक्त असते आणि तसे पीस कापले गेले तर रक्त लवकर थांबत नाही. तुमच्या भागात मी हे करणार नाही. त्याऐवजी फणसाच्या ज्या खालच्या फांद्यांवरून त्या वर चढतात त्या छाटाव्यात आणि गोठ्यात ज्या दावणीवरून त्या वाशांवर चढतात तिथे जाळी लावावी. जुनी जागा मिळेनाशी झाली की नवी जागा लवकर पटते.

जांबोटीकडची:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बांबू आजच काढला, उद्या चुना आणत आहे. एक शंका उरते. पट्टीवर ठेवल्यानंतरही काही जणी पुन्हा झाडाकडेच गेल्या तर किती दिवस वाट पाहावी?

चिकोडीहून:

बहुतेक जणी आठ-पंधरा दिवसांत स्वतःहून आत जाऊ लागतात. एखादी मागे राहिलीच तर तिला रोज रात्री उचलून आत ठेवावे, एकही रात्र सोडू नये. एक रात्र झाडावर गेली की तिच्या मनात ती जागा पुन्हा पक्की होते आणि तिला पाहून दुसरीही जाते. रोज दाराची कडी लावताना मोजणी करावी. पाऊस लागल्यावर दाराबाहेर चिखल होऊ देऊ नये, तिथे चार फरशा टाकाव्यात, कारण तलंगा शिकल्या असल्या तरी पाण्यातून चालत आत जाणे त्या टाळतात.